मुख, मध्य आणि तळ



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सारी हयात हायस्कुलात गणित शिकवण्यात घालवली. त्यांच्या नावाने बोलायचे तर शाळेतलाच विषय घ्यावा असे मला वाटले. दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात 'महत्त्वमापन' नावाचे प्रकरण आहे. इष्टिकाचिती, घन, वृत्तचिती, शंकू, गोल, अर्धगोल, शंकूछेद अशी घनाकृतींची रांग आणि प्रत्येकीपुढे तिचे सूत्र. परीक्षेच्या आदल्या रात्री मुले ही सूत्रे एका कागदावर उतरवून घेतात, सकाळी रिक्षात बसून पुटपुटतात आणि निकालानंतर विसरतात. शंकूच्या सूत्रातला एक तृतीयांश कुठून आला, हे विचारले तर बहुतेक मुले पुस्तकाकडे बोट दाखवतात. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण त्या एक तृतीयांशामागे माणसाने दोन हजार वर्षे विचार केलेला आहे. शिवाय सगळी रांग एकाच नियमात बसते आणि तो नियम शेताच्या बांधावर उभे राहून समजून घेता येतो. तोच आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

आधी घनफळ आणि धारकता यांचा फरक सांगून टाकते. घनफळ म्हणजे वस्तूने व्यापलेली जागा, धारकता म्हणजे तिच्या पोटात मावणारी जागा. सिमेंटच्या टाकीला किती काँक्रीट लागले हे एक गणित आणि तिच्यात किती पाणी राहील हे दुसरे. पहिल्याला भिंतीची जाडी लागते, दुसऱ्याला आतली मापे. मुले चुकतात ती इथे, आणि चुकतात कारण टाकी त्यांना फक्त चित्रात भेटते. घनफळ घनसेंटिमीटरमध्ये सांगतात, धारकता लीटरमध्ये, आणि १ लीटर म्हणजे १००० घसेमी. ही बरोबरी आज नेमकी आहे. १९०१ ते १९६४ या काळात मात्र लीटरची व्याख्या १ किलो पाण्याला लागणारी जागा अशी होती आणि ती १००० घसेमीहून किंचित जास्त, १०००.०२८ घसेमी भरत असे.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने दशमान वजनेमापे आली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधी महाराष्ट्रात धान्य बहुतेक ठिकाणी मापानेच मोजले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आजही खेड्यापाड्यांतून पायली घरात दिसते. या मापांत गणिताच्या दृष्टीने फार मोलाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे शीग. माप काठाशी सपाट करून द्यायचे की वर शीग लावून द्यायचे, यावर देणाऱ्याघेणाऱ्याचा नफातोटा ठरे. ही शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहिलेला धान्याचा शंकू. त्याची उंची कुणाच्या मर्जीवर नसते. दाणा ज्या उतारावर घसरायचा थांबतो तो उतार दाण्याच्या जातीने ठरवलेला असतो.

हे भास्कराचार्यांनी नोंदवून ठेवले आहे. 'लीलावती' हा ग्रंथ ११५० सालचा. त्यात घनफळाची चार प्रकरणे आहेत: खातव्यवहार म्हणजे खोदकाम, चितिव्यवहार म्हणजे विटांची रास, क्रकचव्यवहार म्हणजे करवतीने लाकूड कापणे, आणि राशिव्यवहार म्हणजे धान्याचे ढीग. खणणारा, बांधणारा, कापणारा आणि मोजणारा माणूस समोर ठेवून केलेली ही मांडणी आहे. राशिव्यवहारात ते सांगतात की हरभऱ्यासारख्या जाड दाण्याच्या ढिगाची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी असते, मोहरीसारख्या बारीक दाण्याची अकराव्या भागाइतकी आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाइतकी. मग परिघाचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचे. त्यांच्या उदाहरणातल्या ढिगाचा परिघ ६० हात आहे. जाड दाणा असेल तर उंची ६ हात. साठाचा सहावा भाग १०, त्याचा वर्ग १००, आणि ६ ने गुणले की ६०० घनहस्त. एक घनहस्त म्हणजे एक मागध खारी.

या नियमात शंकूचे सूत्र दडलेले आहे. शंकूच्या सूत्रात त्रिज्येऐवजी परिघ घालून पाहा आणि पायची किंमत ३ धरा, परिघाच्या वर्गाचा छत्तिसावा भाग गुणिले उंची हेच येते. याच ग्रंथात भास्कराचार्य पायची किंमत २२/७ देतात आणि आणखी बारीक हवी तर ३९२७/१२५० देतात. धान्याच्या ढिगाला मात्र ते ३ वर भागवतात. ढिगाचा परिघ दोरीने मोजायचा, उंची दाण्याच्या जातीवरून अंदाजायची, तिथे चार दशांश स्थळांचा आग्रह धरण्यात अर्थ नसतो. किती बारकावा कुठे हवा हा विवेक मोजणाऱ्याकडे असावा लागतो, आणि आपल्या मुलांना तो शिकवण्याची संधी आपण प्रत्येक उदाहरणाखाली 'पाय = २२/७ घ्या' असे छापून घालवतो.

ढीग भिंतीला लागून असेल, कोपऱ्यात असेल, किंवा घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वेढून पडला असेल, तर काय करायचे तेही लीलावतीत आहे. भिंतीला लागून परिघ ३० हात, आतल्या कोपऱ्यात १५, बाहेरच्या कोपऱ्याला ४५. तिन्ही ठिकाणी मनातल्या मनात ढीग पुरा करा, परिघ ६० होतो. मग ६०० चा निम्मा, चौथाई आणि पाऊण हिस्सा घ्या: ३००, १५० आणि ४५० खारी. सातवीतल्या मुलालाही हे गणित तोंडी करता येईल.

आता शिगेकडे वळू. जाड दाण्याच्या उताराने शिगेची उंची मापाच्या त्रिज्येच्या साधारण ०.६३ पट येते. उभट माप घ्या, ज्याची उंची व्यासाइतकी आहे. त्यावरची शीग मूळ मापाच्या सुमारे दहा टक्के भरते. आता तितक्याच धारकतेचे पसरट माप घ्या, ज्याची उंची त्रिज्येइतकीच आहे. त्यावरची शीग सुमारे एकवीस टक्के होते. सपाट मोजले तर दोन्ही मापे सारखी, शीग लावली की पसरट मापाने देणारा दुप्पट शीग देऊन बसतो. वृत्तचिती, शंकू, गुणोत्तर आणि व्यवहारातला न्याय, सगळे या एका प्रश्नात आहे. असा प्रश्न प्रश्नपत्रिकेत यावा असे मला फार वाटते.

मापाचा आणि गणिताच्या शाळेचा संबंध आपल्याकडे दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. चांगदेव हे यादव राजा सिंघण यांच्या दरबारातले ज्योतिषी. त्या मठाला इ.स. १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख तिथे सापडला आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण मठाला काय काय मिळायचे तो शेवटचा तपशील जुन्या मराठीत आहे, गावकऱ्यांना कळावा म्हणून असेल. घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, असे त्यात आहे. आणि या गावात जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापावे, असेही आहे. जिथे लीलावती शिकवली जाई, तिथलेच माप बाजाराचे प्रमाण ठरवले गेले. गणितशिक्षकाला याहून मोठा मान मी दुसरा पाहिलेला नाही.

आता मुख्य नियमाकडे येते. त्यासाठी शेततळे घेऊ. वरच्या काठाशी ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. ३० गुणिले ३० गुणिले ३ म्हणजे २,७०० घनमीटर असे कुणी म्हणेल, पण मातीच्या बाजू उभ्या ठेवता येत नाहीत, ढासळतात. म्हणून बाजूंना उतार देतात. उतार एकास एक धरला तर ३ मीटर खाली जाताना चारही बाजूंनी ३ मीटर आत यावे लागते, आणि तळ २४ बाय २४ मीटरचा राहतो. मग पाणी किती मावेल?

सरासरी काढावी असे पहिल्यांदा सुचते. काठाशी ३०, तळाशी २४, सरासरी २७. २७ गुणिले २७ गुणिले ३ म्हणजे २,१८७ घनमीटर. उत्तर जवळचे आहे, पण बरोबर नाही.

भास्कराचार्यांचा खातव्यवहारातला नियम असा: मुखाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ, आणि मुख व तळ यांच्या लांबी-रुंदीच्या बेरजा करून त्यांचे येणारे क्षेत्रफळ, या तिघांची बेरीज करावी, सहाने भागावी आणि खोलीने गुणावे. त्यांच्या उदाहरणातली वापी, म्हणजे विहीर, मुखाशी १२ बाय १० हात, तळाशी ६ बाय ५ हात, खोली ७ हात. मुख १२०, तळ ३०, आणि १८ गुणिले १५ म्हणजे २७०. बेरीज ४२०, सहाने भागून ७०, सातने गुणून ४९० घनहस्त. आपल्या शेततळ्याला हाच नियम लावू. मुख ९००, तळ ५७६, आणि ५४ गुणिले ५४ म्हणजे २,९१६. बेरीज ४,३९२, सहाने भागून ७३२, तीनने गुणून २,१९६ घनमीटर. म्हणजे २१ लाख ९६ हजार लीटर. सरासरीच्या उत्तरापेक्षा ९ घनमीटर जास्त, नऊ हजार लीटर. उन्हाळ्यात नऊ हजार लीटर पाणी काय असते हे मराठवाड्यातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको.

हे ९ घनमीटर कुठे लपले होते? ते शोधताना घनफळ खरे समजते. तळ्याचे मनात तुकडे करा. मधोमध, तळाच्या बरोबर वर, २४ बाय २४ बाय ३ ची सरळ पेटी: १,७२८ घनमीटर. तिच्या चार बाजूंना चार उतरते भाग, प्रत्येक म्हणजे २४ बाय ३ बाय ३ च्या पेटीचा तिरपा निम्मा, १०८ घनमीटर. चार मिळून ४३२. आता राहिले चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्यात वर ३ बाय ३ चा चौकोन आणि खाली एक टोक, असा उलटा मनोरा. एकूण २,१९६ मधून १,७२८ आणि ४३२ वजा करा, ३६ राहतात. म्हणजे कोपऱ्याला ९. आणि ३ बाय ३ बाय ३ चा घन असतो २७ चा. कोपरा त्याच्या बरोबर एक तृतीयांश!

एकाच शेततळ्यात पूर्ण, निम्मा आणि एक तृतीयांश असे तिन्ही आहेत. मध्ये पेटी, कडेला अर्धी पेटी, कोपऱ्यात पेटीचा तिसरा हिस्सा. सरासरी काढणारा माणूस फसतो तो फक्त कोपऱ्यात, कारण त्याच्या हिशेबात कोपरा पावणेसातच भरतो. सव्वादोनची तूट चौपट केली की ते नऊ घनमीटर सापडतात.

कोपऱ्याचा एक तृतीयांश पुठ्ठ्याने दाखवता येतो. चौरस तळ, आणि शिरोबिंदू तळाच्या एका कोपऱ्याच्या बरोबर वर, चौरसाच्या बाजूइतक्याच उंचीवर, असे तीन मनोरे बनवा. ते एकमेकांत बसून घन तयार होतो. चीनमध्ये लिऊ हुई यांनी एका जुन्या गणितग्रंथावरच्या आपल्या इ.स. २६३ मधल्या भाष्यात हेच तुकडे वापरले आहेत. मी मुलांना हे करायला लावते तेव्हा तिसरा तुकडा आत जाईपर्यंत त्यांचा विश्वास बसत नाही.

विश्वास न बसण्यात मुलांचा दोष नाही. आर्यभटांनी ४९९ साली लिहिलेल्या 'आर्यभटीया'त, प्रचलित अर्थानुसार, सहा कडांच्या सूचीचे, म्हणजे त्रिकोणी तळाच्या मनोऱ्याचे, घनफळ तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, याचे निम्मे असे दिले आहे. त्रिकोणाच्या क्षेत्रफळात निम्मे येते, म्हणून इथेही यावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी एक तृतीयांश हे बरोबर उत्तर दिले आणि भास्कराचार्यांनी तेच पुढे नेले. ही हकिकत वर्गात सांगायला हवी. एवढ्या थोर गणितज्ञालाही जी जागा अवघड गेली, तिथे आपल्याला थांबून विचार करावा लागतो यात कमीपणा नाही, हे मुलांना कळेल.

आणि ती जागा खरोखरच अवघड आहे. कोणत्याही त्रिकोणाचे मोजके तुकडे करून ते आयतात जुळवता येतात, म्हणून त्रिकोणाचे निम्मे कात्रीने सिद्ध होते. तीच गोष्ट मनोऱ्यांची करता येईल का? समान तळ आणि समान उंची असलेले कोणतेही दोन त्रिकोणी मनोरे मोजक्या सपाट कापांनी एकमेकांत बदलता येतात का? डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९०० साली गणितापुढे तेवीस प्रश्न ठेवले, त्यांतला तिसरा हा होता. त्यांचे शिष्य माक्स डेन यांनी त्याच वर्षी उत्तर दिले: नाही, नेहमी येत नाही. आपल्या कोपऱ्याच्या तीन मनोऱ्यांचा घन होतो हे नशीब. सर्व मनोऱ्यांसाठी कात्री पुरत नाही, तिथे पातळ चकत्यांचा विचार करावा लागतो. नव्या वह्यांचा गठ्ठा सरळ उभा असो की तिरका ढकललेला, कागद तेवढाच असतो. प्रत्येक उंचीवरचे आडवे छेद सारखे असतील तर घनफळ सारखे, हे तत्त्व युरोपात काव्हालिएरी यांनी १६३५ मध्ये ग्रंथात मांडले. शाळेत आपण शंकूत वाळू भरून ती तीनदा वृत्तचितीत ओततो, तो प्रयोग 'बालसुलभ' म्हणून उरकला जातो. मला तो फार गंभीर वाटतो. जिथे कात्री हरते तिथे वाळू उत्तर देते, कारण वाळूचा प्रत्येक थर एक चकती असतो.

पुन्हा भास्कराचार्यांच्या नियमाकडे. दोन लांबींची बेरीज गुणिले दोन रुंदींची बेरीज, याचा अर्थ काय? बेरजेचे निम्मे म्हणजे मधल्या उंचीवरची लांबी, तसेच रुंदीचे. म्हणून तो गुणाकार मधल्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असतो. आता नियम असा वाचा: मुख, चौपट मध्य आणि तळ यांची बेरीज, भागिले सहा, गुणिले उंची. लीलावतीत तो अशा खोदकामापुरता सांगितला आहे. पण एकदा असा वाचला की महत्त्वमापनाची सारी रांग त्यात येते. वृत्तचितीत तिन्ही छेद सारखे, एक अधिक चार अधिक एक म्हणजे सहा, सहाने भागून एक. शंकूत मुख शून्य, मध्याची त्रिज्या निम्मी म्हणून क्षेत्रफळ तळाच्या चौथाई, त्याची चौपट एक, अधिक तळ एक. बेरीज दोन, भागिले सहा, एक तृतीयांश! गोलात वरचे टोक शून्य, खालचे शून्य, मध्ये मोठे वर्तुळ. त्याची चौपट भागिले सहा, म्हणजे दोन तृतीयांश वर्तुळ, गुणिले उंची. गोल त्याला नेमके सामावणाऱ्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश असतो, हे आर्किमिडीज यांचे आवडते प्रमेय. त्यांच्या समाधीवर गोल आणि वृत्तचिती कोरली होती, आणि इ.स.पू. ७५ मध्ये रोमन वक्ते सिसेरो यांना सिसिलीत ती झुडपांत हरवलेली सापडली ती त्या खुणेवरूनच.

परीक्षेतली ओळखीची बादली घ्या: वरची त्रिज्या १४ सेमी, खालची ७, उंची ३०. मधली त्रिज्या १०.५. वर्ग १९६, ११०.२५ आणि ४९. मधल्याची चौपट ४४१. बेरीज ६८६, सहाने भागून तीसने गुणले की ३,४३०, आणि २२/७ ने गुणून १०,७८० घसेमी. शंकूछेदाचे लांबलचक सूत्र पाठ नसताना १०.७८ लीटर मिळाले. इजिप्तमधल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मॉस्को पपायरसमध्ये छाटलेल्या मनोऱ्याचे उदाहरण आहे, तळाची बाजू ४, माथ्याची २, उंची ६, उत्तर ५६. आपल्या नियमाने १६ अधिक ३६ अधिक ४, तेही ५६.

हे जमते याचे कारण या सर्व आकृतींत आडव्या छेदाचे क्षेत्रफळ उंचीच्या घनापलीकडे जाणाऱ्या घातांनी बदलत नाही. त्यापलीकडच्या वळणांना नियम जवळचे उत्तर देतो. पावसाळ्यात आपण कोयनेच्या पाण्याची बातमी वाचतो. १०५.२५ टीएमसीचे ते धरण, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लीटर, आपली साधारण १२,९०० शेततळी. दऱ्याखोऱ्यांत पसरलेल्या जलाशयाला सूत्र कुठले? अभियंते समोच्च रेषांवरून वेगवेगळ्या पातळ्यांवरचे क्षेत्रफळ काढतात आणि एकेका थराला असाच नियम लावत जातात.

शिक्षकांना एक विनंती आहे. महत्त्वमापनाचा पहिला तास सूत्राविना घ्या. वर्गात एक घागर, दोरी, पट्टी आणि लीटरचे माप आणा. मुलांना घागरीचा घेर मुखाशी, मध्ये आणि तळाशी मोजू द्या. घेराच्या वर्गाला ७/८८ ने गुणले की छेदाचे क्षेत्रफळ मिळते. नियमाने धारकता काढून फळ्यावर लिहा आणि मग लीटरने पाणी ओतून पाहा. दोन्ही आकडे जुळणार नाहीत. थोडा फरक पत्र्याच्या जाडीचा असेल, कारण दोरी बाहेरून फिरली आणि पाणी आत गेले. बराच फरक गळ्याच्या वळणाचा असेल. मग मुलांना गळ्यापर्यंतचा भाग आणि गळा वेगळा मोजायला सांगा, दोन्हींना नियम स्वतंत्र लावून बेरीज घेऊ द्या. आकडे जवळ येतील. तीन भाग केले तर काय होईल, हे त्यातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी विचारील. तेव्हा पाणी पुन्हा बादलीत ओता आणि मोजायला बसा.